बोरकुटे साहेबांचं पहिलं पान

चंद्रपूरच्या वकील संघात कायद्याचा महासागर कोण, असं विचारलं तर उत्तर एकच होतं: दादाजी बोरकुटे. हे वाक्य मी निरनिराळ्या सत्कारांत ऐकलं आहे आणि एका सत्कारात स्वतः बोललोही आहे. हा महासागर काचेच्या तीन कपाटांत मावत असे. कपाटांना कुलूप असे. किल्ली साहेबांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात असे आणि कोट साहेबांच्या अंगावर असे, मे महिन्यातसुद्धा. चंद्रपूरचा मे ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यातला त्याग कळेल.

बोरकुटे साहेब उमेदीची सारी वर्षं गडचिरोलीकडच्या कोर्टांत सरकारी वकील होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी निवृत्त झाले आणि चंद्रपुरात जटपुरा गेटाच्या आत ऑफिस थाटून बसले. वकिली ते बेताचीच करत. त्यांचं खरं काम म्हणजे ती कपाटं. हायकोर्टाचे आणि सुप्रीम कोर्टाचे निकाल छापणारे अंक त्यांच्याकडे पोस्टाने येत, आणि वर्ष संपलं की बल्लारपूरचा एक बाइंडर ते बांधून देई. लाल पाठ, सोनेरी अक्षरं. आत डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला. रोज सकाळी साहेब एकेका खंडाची पाठ पंच्याने पुसत. आतली पानं पुसायचा प्रसंग येत नसे.

असल्या पुस्तकांत प्रत्येक निकालाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत चार-पाच ओळी असतात. त्यांना शिरटीप म्हणतात. निकालात काय ठरलं याचा सारांश. न्यायाधीशाचा तिच्याशी संबंध नसतो, ती छापणाऱ्याची असते. पुढचा निकाल वाचायला सोपा जावा म्हणून ते ती छापतात. पुढचा निकाल वाचावा लागू नये म्हणून आम्ही ती वापरत होतो.

इतका खर्चिक संग्रह जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, त्यामुळे सगळे साहेबांकडे जात. पुस्तक बाहेर न्यायची परवानगी वकिलांना नव्हती. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याला साहेब बोलावून घेत, तो खंड छातीशी धरून घेऊन जाई आणि फक्त पहिलं पान काढून परत आणी. पहिल्या पानावर पक्षकारांची नावं असत, न्यायाधीशांची नावं असत आणि शिरटीप असे. कोपऱ्यात साहेबांचा गोल शिक्का: ‘बोरकुटे विधी ग्रंथालय’. कुणी भीत भीत पुढची पानं मागितलीच, तर साहेब चष्म्यावरून बघत.

“काऊन? कोर्टाले वेळ हाय काय तेवढा? कोर्टाले वाचाले देऊ नका, पाहाले द्या.”

कोर्टात ते पुस्तकी मराठी बोलत आणि ऑफिसात आपली घरची बोली. कोट मात्र दोन्हीकडे तोच.

या पहिल्या पानांत सर्वांत गाजलेलं पान म्हणजे ‘गाडीचा निकाल’. जंगलातून चोरटं सागवान नेताना बैलगाडी पकडली की वनखातं ती जप्त करतं. मालक कोर्टात येऊन रडतो की गाडी मला परत द्या, खटला चालेल तेव्हा चालेल. त्यावर सरकारी वकील असताना साहेब उठून हे पान देत. शिरटिपेत लिहिलं होतं की वनगुन्ह्यात सापडलेलं वाहन खटला संपेपर्यंत मालकाला परत देता येणार नाही. कोर्ट पान बघे आणि अर्ज फेटाळे. कुरखेड्याच्या कोर्टात तर म्हणे साहेब नुसते उठून उभे राहिले तरी मालकाचा वकील खाली बसायचा. हे साहेबच हसत हसत सांगत. आम्हीही हसत असू.

दोन हजार सालच्या पुढेमागे आमच्या बाररूममध्ये एका नव्या वकिलाने घात केला. चहा पिता पिता तो म्हणाला, “आता या कपाटांचं काय करायचं हो? सुप्रीम कोर्टाचे, हायकोर्टांचे निकाल सरकारने इंटरनेटवर टाकलेत. कायदे पण. फुकट.”

साहेब कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, “फुकट? मंग त्यात अर्धंच असन.”

“अख्खं आहे, सर.”

“अख्खं फुकटात कोण देते? सरकार?”

नव्या वकिलाचं बोलणं साहेबांना लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. मी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं करणारा माणूस, कपाटाची गरज क्वचित पडे, म्हणून बहुधा त्यांना मी तटस्थ वाटत असेन. म्हणाले, “चला भाऊ, त्या कम्प्युटरची चूक पकडू.”

कोर्टाच्या मागच्या गल्लीत सलीमभाईंचं सायबर कॅफे होतं. आधी तिथे त्यांचा एसटीडी बूथ होता. काचेची ती खोकी तशीच ठेवून त्यांत त्यांनी कम्प्युटर बसवले होते. साहेब काळा कोट घालून, पांढरा बँड लावून आत शिरले, तसे दोन खोक्यांतले कॉलेजचे पोरगे पैसे टाकून पळाले.

“वकीलसाब, कोट उतार के आया करो,” सलीमभाई म्हणाले. “गिऱ्हाईकांना वाटतं रेड पडली.”

“मी निकाल वाचाले आलो, सलीम. निकाल असाच वाचतेत.”

साहेबांनी परीक्षेसाठी गाडीचाच निकाल निवडला होता. त्याची शिरटीप त्यांना पाठ होती, एक स्वल्पविराम जरी चुकला असता तरी त्यांनी तो पकडला असता. साइटवर शोधायच्या निरनिराळ्या वाटा होत्या. पक्षकाराच्या नावाने, न्यायाधीशाच्या नावाने, तारखेने, किंवा निकालातल्या एखाद्या शब्दाने. सलीमभाई टाइप करत, साहेब मागून हुकूम सोडत. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. दोनदा कनेक्शन तुटलं, एकदा वीज गेली. शेवटी निकाल उघडला.

“शिरटीप कुठी गेली?” साहेबांनी विचारलं.

ती नव्हती. कारण साधं होतं: ती छापणाऱ्याची मालमत्ता, फुकटच्या साइटवर ती कशी येणार? निकाल सरळ सुरू होत होता, पहिल्या परिच्छेदापासून, जसा न्यायाधीशांनी सांगितला तसा. साहेबांचा चेहरा उजळला. पहिली चूक सापडली होती. आता बाकीच्या शोधायच्या म्हणून ते पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. माझा अंदाज आहे, आयुष्यात कुठलाही निकाल त्यांनी असा पहिल्यांदाच वाचला असेल.

शेवटाकडे त्यांचं बोट थांबलं. तिथे दोन परिच्छेद होते. गाडीचा मालक गुन्ह्यात सामील नसेल, त्याच्या नकळत कुणी गाडी वापरली असेल, तर गोष्ट वेगळी, असं न्यायाधीशांनी म्हटलं होतं. अशा मालकाचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं आणि ते पटण्याजोगं असेल तर जातमुचलक्यावर गाडी त्याला द्यावी. नाहीतर ज्याने काही केलं नाही त्यालाच शिक्षा होईल.

“पाहा!” साहेब जवळजवळ ओरडले. “म्या म्हटलं होतं नाई? दोन पॅरे जास्तीचे टाकले! सलीम, प्रिंट काढ याचा. उद्या बाररूममध्ये दाखवतो सगळ्यायले.”

प्रिंट घेऊन ते विजयी मुद्रेने ऑफिसकडे गेले, पुस्तकाशी ताडून बघायला.

दुसऱ्या दिवशी ते बाररूममध्ये आलेच नाहीत. त्यानंतर आले तेव्हा नव्या वकिलाने स्वतःच विचारलं, “सर, काय म्हणतं इंटरनेट?” साहेबांनी पेपर वर धरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कुरखेड्याची सकाळची गाडी किती वाजता हाय?”

बसमध्ये ते खिडकीशी बसले. वडसा गाव मागे पडल्यावर एकदम सोमा मडावीची गोष्ट सांगू लागले, जणू मी विचारली होती. सोमा कुरखेड्याजवळच्या एका गावचा. त्याची बैलगाडी चुलतभावाने सरपण आणायला म्हणून मागून नेली. नाक्यावर गवताखाली सागाचे ओंडके निघाले. सोमा त्या दिवशी सासुरवाडीला लग्नात होता आणि तसं सांगायला लग्नघरचे चारजण कोर्टात घेऊन आला होता. साहेबांनी पहिलं पान दिलं. कोर्टाने चारजणांना परत पाठवलं. खटला चालला, गाडी सरकारजमा झाली, बैल लिलावात गेले.

“त्याचंच काऊन आठवलं?” मी विचारलं. अशा गाड्या पुष्कळ झाल्या असतील, असं मला म्हणायचं होतं, पण म्हणालो नाही.

“ते चारजण,” साहेब म्हणाले. “बाहेर उन्हात बसून होते. पेटीतले कपडे घालून आले होते.”

सोमा मडावी अंगणात बांबूचं टोपलं विणत होता. त्याने साहेबांना ओळखलं, साहेबांनी त्याला नाही. बाज टाकली, कोरा चहा झाला. साहेबांनी कोटाच्या खिशातून प्रिंट काढला, उभं राहून, कोर्टात काढतात तसा, आणि सगळं सांगितलं. दोन परिच्छेद मराठीत समजावले. सोमा टोपलं विणत ऐकत होता.

“तवा हे नव्हतं काय साहेब, या निकालात?”

“होतं.”

“मंग?”

“मी वाचलं नाही.”

सोमाने हात थांबवले आणि पहिल्यांदाच साहेबांकडे नीट पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरी शंका होती.

“वाचाले येते न तुमाले?”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. कोंबड्या अंगणात फिरत होत्या. मी चहा संपवण्यात फार वेळ घालवला.

“माह्या बैलायचं जाऊ द्या,” सोमा पुन्हा विणू लागला. “कोनाच्या घरी मेले असतीन. तवा तुमी पान दाखवलं, आता कागद दाखवून राह्यले. पोरीच्या नवऱ्याची गाडी डेपोत उभी हाय, पानी खाऊन राह्यली. दुसऱ्यानंच नेली होती. धान कापून पडलं हाय, आनाचं कशात? तिचं काही होत असन तं पाहा.”

जावयाचा अर्ज त्याच कुरखेड्याच्या कोर्टात पडून होता. साहेबांनी तिथल्या तिथे वकीलपत्र घेतलं. सरकारी वकील असताना ज्या कोर्टात त्यांना बघून मालकांचे वकील खाली बसत, तिथे ते मालकाच्या बाजूने उभे राहिले. आता तिथे मेश्राम नावाचा सरकारी वकील होता, साहेबांच्याच हाताखाली शिकलेला. तरुण न्यायाधीशांनी इंटरनेटचा प्रिंट उलटसुलट करून पाहिला. खाली बारीक अक्षरांत साइटनेच लिहिलं होतं की मजकुराच्या अचूकतेची हमी आम्ही देत नाही.

“हे मी कसं मानू?” न्यायाधीश म्हणाले. “छापील पुस्तक आणा. तारीख देतो.”

तारखेला साहेबांनी खंड मांडीवर घेऊन प्रवास केला, पंच्यात गुंडाळलेला. बसमध्ये मी तो बघायला मागितला. “हात लावू नका,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, “तसाच राह्यला पाह्यजे.” मला काही समजलं नाही. वाटलं, जुनी सवय.

कोर्टात आधी मेश्राम उठले. त्यांनी भाषण केलं. म्हणाले की समोर माझे गुरू उभे आहेत, कायद्याचे महासागर, आणि मी जो निकाल दाखवणार आहे तो त्यांनीच मला दिलेला आहे. असं म्हणून त्यांनी पहिल्या पानाची झेरॉक्स न्यायाधीशांकडे दिली. कोपऱ्यातला गोल शिक्का मला माझ्या जागेवरून दिसत होता.

साहेब उठले. पंचा सोडला, खंड उघडला, पण स्वतः वाचला नाही. शिपायाच्या हाती तो न्यायाधीशांकडे पाठवला.

“शिरटीप पहिल्या पानावर आहे, सर. माझे मित्र म्हणतात ते बरोबर आहे, ते पान मीच वाटलं. मी ज्या परिच्छेदांवर अवलंबून आहे ते पुढे आहेत. ती पानं वरच्या बाजूने जोडलेली आहेत. बाइंडरचं पातं तिथवर पोचलं नव्हतं. मी ती अजून उघडलेली नाहीत. कोर्टाने स्वतः उघडावीत, अशी विनंती आहे.”

तेव्हा मला बसमधलं बोलणं कळलं. त्या दुपारी सायबर कॅफेतून ऑफिसात जाऊन त्यांनी पुस्तक उघडलं होतं, बंद पाकिटासारखी पानं पाहिली होती, आणि कापली नव्हती. वाटलं असतं तर चाकूने दोन मिनिटांत काम झालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं.

न्यायाधीशांनी खंड उजेडाकडे धरला. पानांच्या घडीत वाकून पाहिलं. मग स्टेनोकडून स्टीलची पट्टी मागून घेतली आणि घडीत घातली. कागद फाटायचा आवाज सगळ्या कोर्टाने ऐकला. न्यायाधीश वाचू लागले. पंख्याखाली मेश्रामांची झेरॉक्स फडफडत होती, ते तिच्यावर हात ठेवून उभे होते.

“हे पान आपण यापूर्वी कधी वाचलं नव्हतं?”

“नाही, सर.”

“आणि तेव्हाच्या कोर्टाने?”

“कोर्टाला मी पहिलं पान दिलं होतं.”

न्यायाधीशांनी पट्टी परत केली. त्यांनी जावयाला विचारलं, गाडी कुणी नेली, तू कुठे होतास. त्याने सांगितलं. सोमा दाराशी बसून ऐकत होता. मग हुकूम सांगितला: जातमुचलक्यावर गाडी मालकास परत द्यावी. हुकुमात दोन्ही परिच्छेद आले. पानाबद्दल एक शब्दही आला नाही. न्यायाधीश सभ्य गृहस्थ होते.

वनखात्याच्या डेपोत गाडी सागाच्या ओंडक्यांआड उभी होती. एका चाकाच्या आऱ्यांना वाळवी लागली होती. जावयाने आणि सोमाने ती हलवून पाहिली, दोरी आवळली, कुणाचे तरी बैल आणून जुंपले. साहेब फाटकाशी उभे होते, काखेत खंड. त्यांना काहीतरी म्हणायचं असावं, पण सोमाचं सगळं लक्ष चाकाकडे होतं. गाडी करकरत फाटकाबाहेर पडली.

“बसा साहेब,” जावई म्हणाला. “स्टँडवर सोडतो.”

“नाही.”

“मंग पुस्तक तं ठेवा गाडीत. वजन हाय.”

साहेबांनी तेही ठेवलं नाही. कुरखेड्याच्या रस्त्यावर रिकामी बैलगाडी पुढे, आणि तिच्यामागे काळा कोट घातलेला म्हातारा, काखेत लाल पाठीचं पुस्तक, चाकाच्या प्रत्येक करकरीबरोबर मान खाली. माझ्या मनात त्यांचं चित्र आहे ते हेच. वकील संघाच्या भिंतीवर दुसरं आहे.

त्यानंतर साहेब रोज दुपारी सलीमभाईंकडे जाऊ लागले. ज्या ज्या पहिल्या पानांवर त्यांनी खटले जिंकले होते, ते निकाल ते साइटवर काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत. कोट घालूनच. मी कधी कधी सोबत असे. निकाल शिरटिपेप्रमाणेच निघाला तर ते म्हणत, “हा बरोबर होता,” आणि चहा मागवत. नाही निघाला तर काहीच म्हणत नसत. चहा कधी येई, कधी येत नसे.

“रोज ऐसा मुंह लेके निकलते,” सलीमभाई मला एकदा म्हणाले. “मैं बोला, वकीलसाब, दुसरी भी साइटें हैं. क्रिकेट देखो, कुछ देखो.”

मी हे बाररूममध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले. मग हळूहळू गप्प झाले, कारण त्यांतली बरीचशी पानं आमच्याही फायलींत होती. सायबर कॅफेत मात्र साहेबांशिवाय कुणी गेलं नाही. मीही माझे निकाल तपासायला गेलो नाही. माझी कामं वाटणीपत्रांची.

एक दिवस साहेब कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. रोज पुस्तक आणायला लागू नये म्हणून त्याने मागणी असलेल्या पहिल्या पानांच्या मूळ प्रती एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवल्या होत्या. गाडीच्या निकालाची प्रत हाताळून हाताळून मऊ झाली होती. साहेबांनी ती मागितली, त्याच्यासमोर चार तुकडे केले आणि खिशात घातले.

“सर, शिक्का तुमचाच होता,” झेरॉक्सवाला म्हणाला.

“म्हणूनच.”

साहेब गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. घरच्यांनी कपाटं वकील संघाला दिली. शोकसभा झाली. महासागर आटला, असं अध्यक्ष म्हणाले. मेश्राम गडचिरोलीहून आले होते, ते बोलले नाहीत. तिन्ही कपाटं बाररूममध्ये भिंतीला लावली, वर पितळी पाटी बसवली. किल्ली चिटणीसांकडे असते.

मागच्या महिन्यात एका नव्या वकिलाला कुरखेड्याच्या कोर्टात सरकारच्या बाजूने गाडीच्या अर्जाला विरोध करायचा होता. बाररूममध्ये त्याने मला विचारलं की तो गाडीचा निकाल कुठे मिळेल. मी त्याला साइटचं नाव लिहून दिलं आणि शेवटपर्यंत वाचायला सांगितलं. तो हो म्हणाला. थोड्या वेळाने बाहेर आलो तर तो समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होता. साहेबांनी मूळ प्रत फाडली, पण झेरॉक्सवाल्याने तिची एक प्रत आधीच काढून ठेवलेली होती. त्या मुलाने दोन घेतल्या, एक स्वतःला आणि एक कोर्टाला. शिक्का अजून वाचता येतो.